एक जूनची मुलं

उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की मूल शाळेत बसायच्या वयाचं झालं, नाही लागली तर पुढच्या वर्षी या. हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला मी पाहिला नाही. पण माझ्या मास्तरांनी तो वापरला, त्यांच्या मास्तरांनी वापरला, आणि मीही तीस-बत्तीस वर्षं वापरला. जून महिन्यात शाळेच्या ओसरीवर मुलांची रांग लागायची, आणि मी टाक कानावर अडकवून म्हणायचो, "हं, घाल हात." कोणी चुकून समोरच्याचाच कान धरायचं. वाण्याच्या मुलाची टोपी कान झाकून बसलेली असायची, ती काढली की तो रडायचा. हसायला यायचं. त्या हसण्याखाली मी काय काय करून ठेवलं, हे आता निवृत्त होऊन जळगावच्या घरी बसल्यावर रोज आठवतं.

मी मूळचा जळगावचा. वडील कचेरीत कारकून. घरात दौत-टाक, भिंतीवर घड्याळ, आणि पंचांग बघितल्याशिवाय पाऊल न टाकणारी आई. स्वातंत्र्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी झाली. शाळा चौथीपर्यंतची होती, पुढे सातवीपर्यंत वाढली. मी मुख्य मास्तर. माझ्या हाताखाली दोन मास्तर, त्यातला एक नेहमी रजेवर. बायको-मुलांना जळगावलाच ठेवून मी एकटा राहत होतो आणि सगळ्या गावावर चिडत होतो. मुलांवर, कुत्र्यांवर, पोस्टमनवर, एकूण एक.

पण एका गोष्टीचा मला भारी अभिमान होता. मी भेदभाव करत नाही! सगळ्यांना एक छडी, एक नियम. पाड्यावरची भिल्लांची मुलं असोत नाहीतर पाटलाचा नातू, एका सतरंजीवर. दिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेरेबुकात तसं लिहिलंही. मी तो शेरा दोन-तीनदा वाचला. नाकानं कांदे सोलायची सवय अशीच लागते.

आता रजिस्टराचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. मूल दाखल झालं की जनरल रजिस्टरात नाव, जात, गाव आणि जन्मतारीख. एकदा लिहिली की ती तारीख म्हणजे दगडावरची रेघ. पुढं दाखला, परीक्षा, नोकरी, सगळं त्या एका ओळीवर. पाटलाकडचे, वाण्याकडचे लोक पत्रिका घेऊन यायचे, त्यांची तारीख पत्रिकेतली. आणि पाड्यावरच्यांना तारीख विचारली तर ते आभाळाकडे बघायचे. मग आम्ही सगळे मास्तर एकच करायचो. कान बघायचा, चण बघायची, वर्ष अंदाजानं ठोकायचं आणि तारीख घालायची एक जून. एक जून का, तर शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबाला सोपं. माझ्या रजिस्टरात पानंच्या पानं एक जूनला जन्मलेली आहेत. मी गमतीनं म्हणायचो, "पाड्यावरच्या बायका सगळ्या एकाच दिवशी बाळंत होतात." दुसरे मास्तर हसायचे.

ती आली त्या दिवशी दुपार झाली होती आणि माझं डोकं दुखत होतं. तिचा बाप डिंक आणि चारोळी घेऊन बाजाराला येणारा माणूस. डोईवरचं गाठोडं ओसरीखाली ठेवून तो उभा राहिला. पोर त्याच्या धोतराला धरून. काडीसारखे हात, पोट थोडं पुढं, डोळे मात्र फळ्यावर.

"गुरुजी, हाई मनी आंडेर शे. इले शिकाडा."

मुलगी, आणि तीही पाड्यावरची, आपणहून शाळेत घालायला आणलेली! मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, "जन्म कधीचा?"

"टोळधाड उनी व्हती ना, त्या सालनी शे. टोळ बसेल व्हतात बठ्ठा बाजरीवर, आन् हाई झायी."

टोळधाड कोणत्या साली आली ते मला पाठ होतं. त्या साली मी जामनेरच्या बाजूला होतो. दिवसा अंधारल्यासारखं झालं होतं, लोक डबे बडवत शेतात धावले होते, आणि शाळेला दोन दिवस सुट्टी द्यावी लागली होती. त्याला बरोबर दहा वर्षं झाली होती. बोटं मोजून हिशेब करायचीही गरज नव्हती. बापानं मला पत्रिकेपेक्षा पक्की खूण सांगितली होती.

आणि मी काय म्हणालो? "टोळधाडीचं काय सांगतोस मला! तारीख सांग, तारीख."

"तारीख माले काय ठाव, गुरुजी. तुम्हीच लिखा जे लिखनं ते."

मी पोरीला म्हणालो, "घाल हात." तिनं घातला. बोटं कानाच्या पाळीला कशीबशी टेकली. शरीर सहा-सात वर्षांचं होतं. दहा वर्षांची मुलगी पहिलीत बसवली तर दिपोटी विचारणार, एवढी घोडी इथं कशी? ती कटकट कोणी ओढवून घ्यावी? मी लिहिलं, वय वर्षं सात, एक जून. टीपकागद दाबला. पोटाला मिळालं नाही म्हणून जी वाढली नव्हती, तिच्या त्या न वाढण्यालाच मी वय म्हणून लिहून टाकलं.

याला चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण मला स्वतःची तारीख कशी लिहिली गेली ते माहीत होतं, म्हणून सोडता येत नाही. मला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा आमचे मास्तर आमच्या घरी आले होते. रजिस्टर घरी! बैठकीत बसले, आईनं चहा आणि शेव दिली. माझा जन्म प्लेगच्या सालचा. आई नेहमी सांगायची, गाव सोडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले होते आणि तू तिथं झालास. वडिलांनी मास्तरांना वर्ष सांगितलं ते दोन वर्षं पुढचं. मास्तर नुसते हसले. वडील म्हणाले, "नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतील पोराला. आज कळायचं नाही, म्हातारपणी आठवण काढील." मी दाराआडून ऐकत होतो. माझा कान कुणी बघितला नाही.

म्हणजे खोटं दोन्हीकडे एकच. मलाही वयानं लहान केलं, तिलाही केलं. माझ्या वेळी चहा पिऊन, पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून केलं. तिच्या वेळी डोकं दुखतंय म्हणून. आणि मी स्वतःला समतावाला म्हणवत होतो!

पोर शिकली. कशी शिकली ते विचारू नका, मी फारसं काही केलं नाही. चैत्रात मोह वेचायला घरची सगळी माणसं पहाटे रानात जात, तीही जाई, आणि उशिरा आली की मी तिला बाकीच्यांसारखीच अंगठे धरून उभी करी. नियम म्हणजे नियम. पाटलाचा नातू उशिरा यायचाच नाही, त्याला घरचा गडी पोचवायचा. पण हे गणित मला तेव्हा सुचलं नाही. ती अंगठे धरून उभी असतानाही फळ्यावरचं वाचायची. केस तेलाशिवाय राठ, परकर एकच, तो शनिवारी धुवायचा म्हणून शनिवारी गैरहजर.

अक्षर मात्र असं की बघत राहावं. पाचवीत गेल्यावर मी तिला काम दिलं. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात वार, तारीख, महिना, साल लिहायचं. तीन वर्षं त्या शाळेत तारीख तिनं लिहिली. एक दिवस मी विचारलं, "तुला कोणी शिकवलं इतकं गोल अक्षर?" म्हणाली, "तुम्हीच." मला बरं वाटलं. एकदा तिला धाकटी बहीण झाली तेव्हा ती दोन दिवस आली नाही, आणि आल्यावर सगळ्यात आधी मागच्या दोन दिवसांच्या तारखा विचारल्या. मी म्हटलं, गेलेल्या तारखा घेऊन काय करतेस? तारखा ऐकून ती दप्तरात पेन्सिल शोधू लागली.

सातवीची परीक्षा, म्हणजे आमच्या तोंडात बसलेली फायनल, ती पास झाली. पाड्यावरून पास होणारी पहिलीच. मी पेढे वाटले, माझ्या खर्चानं, आणि मनातल्या मनात दिपोटीचा पुढचा शेराही वाचून टाकला. तेव्हा धुळ्याला मास्तरणींचा ट्रेनिंगचा वर्ग होता. राहणं, खाणं आणि शिकणं सरकारी. तिथून बाहेर पडली की शाळेत नोकरी. मी तिच्या बापाला बोलावून सांगितलं, "दोन वर्षांत तुझी पोर मास्तरीण होईल. खुर्चीवर बसेल." त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. लग्नाची बोलणी सुरू होती, ती त्यानं थांबवली. ती त्याच्यामागं उभी होती. तोंडावर हात होता, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

अर्ज मीच भरला. पंधरा दिवसांनी परत आला. वय सतरा पूर्ण हवं, उमेदवार चौदाची. तीन वर्षांनी अर्ज करावा.

मी रजिस्टर काढून तिची ओळ पुन्हा वाचली. मग तिला बोलावलं. शाळेत ती नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायची, त्या दिवशी घरची बोली आली.

"मंग मी कितला वरीसनी शे, गुरुजी?"

मी म्हणालो, "मी धुळ्याला जाऊन येतो. काळजी करू नकोस." ती शिरपूरच्या रस्त्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आली.

धुळ्याला स्कूल बोर्डाच्या कचेरीत एक कारकून माझ्या ओळखीचा होता, पाचोऱ्याकडचा. भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, होईल काम. अवघड काही नाही. तुम्ही एवढंच लिहून द्या, की पालकानं टोळधाडीचं साल सांगितलं असताना मी वय अंदाजानं कमी लिहिलं. बापाचा जबाब लावू, पोलीस पाटलाचा दाखला लावू. साहेब सही करतील."

मी म्हणालो, "आण कागद."

त्यानं कागद काढला, पण लगेच पुढं केला नाही. इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "आपलेपणानं सांगतो, रागावू नका. हे दिलंत की साहेब तुमचं सगळं रजिस्टर मागवतील. तुमची चौकशी लागेल. आणि चौकशी लागली की मास्तराचं सर्व्हिस बुकही निघतं. तिथं सगळं साफ आहे ना?"

त्यानं सहज विचारलं होतं. त्याला काय ठाऊक! पण मी कागदासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. प्लेगचं साल माझ्या आईनं साऱ्या आळीला सांगितलेलं. धाकट्या भावाच्या आणि माझ्या तारखा शेजारी ठेवल्या तर कुणीही ओळखलं असतं. माझी धाकटी मुलगी त्या वर्षी जळगावला मॅट्रिकच्या वर्गात होती. ती शिकायची होती, तिचं लग्न व्हायचं होतं, आणि हे सगळं माझ्या त्या दोन जास्तीच्या वर्षांवर मांडलेलं होतं. मी तिथं उभा राहून माझी मुलगी आणि ती मुलगी तोलली. खरं सांगायचं तर तोललंही नाही. आपलं ते आपलं.

"घरी विचार करून पाठवतो," मी म्हणालो.

"हां, तेच बरं," तो म्हणाला आणि कागद खणात ठेवला.

येताना गाडी सोनगीरला बराच वेळ थांबली, पाणी भरायला. लोक खाली उतरले, चहा पिऊन आले. मी किल्ल्याकडे बघत जागेवरच बसलो होतो. परत फिरायला तिथून धुळं फार लांब नव्हतं. उलटी गाडी समोरच उभी होती, तिचा कंडक्टर ओरडत होता, धुळे, धुळे. मी उठलो नाही. चांगला हट्टाकट्टा माणूस, दोन पायांचा, आणि बूड हललं नाही माझं! त्या बाकावरची ती दहा मिनिटं मी आजवर कोणाला सांगितलेली नाहीत, बायकोलासुद्धा नाही.

गावात आल्यावर मी बाप-लेकीला ओसरीवर बोलावलं आणि सांगितलं, "सरकारचा नियम आहे. काही करता येत नाही. तीन वर्षं थांबावं लागेल."

"तीन वरीस?" बाप म्हणाला. "तीन वरीस पोर घरमा कशी ठेवू, गुरुजी? लोके काय म्हनतीन?" थोडा वेळ तो गाठोड्याची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "मी तं टोळधाड सांगेल व्हती."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, मीही चिडलो असतो. ती खाली बघत होती. मी तिला म्हणालो, "तू हुशार आहेस, घरी वाचत राहा." काय पण सांगणं! वाचायला घरात दिवा नव्हता. ती "हो" म्हणाली आणि निघाली. जाताना फळ्यावरची तारीख तिनं पुसली, दिवसाअखेरी पुसायची तशी. त्याच वैशाखात तिचं लग्न झालं, घाटापलीकडच्या गावात. मला बोलावणं होतं. मी पोटदुखीचं निमित्त केलं.

त्यानंतर कान बघणं मी बंद केलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. छे! सवयच ती. दरवर्षी जून यायचा, दरवर्षी रांग लागायची. एवढं मात्र झालं की एक जून लिहिताना हात जड व्हायचा. पण लिहायचोच. निवृत्ती पंचावन्नाव्या वर्षी असायची. माझ्या खऱ्या वयाची पंचावन्न वर्षं कधीच पूर्ण झाली आणि मी नोकरीत राहिलो. वडिलांनी दिलेली दोन वर्षं सुरू झाली. मुलीचं शिक्षण झालं, लग्नही झालं. सगळं ठरवल्यासारखं नीट झालं. त्या दोन वर्षांत एक दिवस असा गेला नाही की शाळेत येऊन मी फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

या वर्षीचा जून माझा शेवटचा. महिनाअखेर घरी बसायचं होतं. गावानं हार आणून ठेवला होता, पाटील भाषणाची तयारी करत होते. मुलं दाखल करायच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक बाई उभी होती. कडेवर मूल, हाताशी एक लहान मुलगी. पदर डोळ्यांवर ओढलेला. मी मान वर न करताच मुलीला म्हणालो, "घाल हात, बाळ."

मुलीनं घातला. बोटं कानाला लागायला थोडी कमी पडली.

"हात नका देखू, गुरुजी," बाई म्हणाली. "लिखेल शे."

आवाज ओळखला तेव्हा माझ्या हातातला टाक थांबला. कमरेच्या पिशवीतून तिनं एक पुस्तक काढलं. पाचवीचं वाचनाचं पुस्तक, कोपरे झिजलेले, शिवण सुटलेली. शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीनं, त्या गोल अक्षरात लिहिलं होतं, वार, तारीख, महिना, साल. आणि खाली, 'बहीण झाली.' तेव्हा माझ्याकडून विचारून घेतलेली ती तारीख! बापाच्यानं आता शाळेपर्यंतही चालवत नव्हतं, म्हणून बहिणीला शाळेत घालायला ती घाटापलीकडून चालत आली होती. सहा वर्षं तिनं ते पान जपलं होतं, लग्नात सासरीसुद्धा नेलं होतं. मी विचारलं नाही कशासाठी. तारीख जशीच्या तशी रजिस्टरात उतरवली. त्या पानावर वर-खाली सगळे एक जून होते, मधे ती एकच ओळ वेगळी.

ती वाकून ओळ वाचत होती. बरोबर आहे याची खात्री केली, मग बहिणीला म्हणाली, "बस, जा." पोरगी सतरंजीवर जाऊन बसली. मला काहीतरी बोलायचं होतं. धुळ्याच्या कागदाचं, सोनगीरच्या बाकाचं. तिथं दुसरं कोणी नव्हतं. याहून चांगली वेळ परत येणार नव्हती, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

खुर्चीमागं टांगलेल्या हाराकडे तिचं लक्ष गेलं. "तुम्ही आते घर जाशात म्हने?" ती म्हणाली. मग जरा हसून, जुन्या विद्यार्थिनीच्या हक्कानं तिनं विचारलं, "कितला वरीसना झायात, गुरुजी?"

"पंचावन्न," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मी सांगितलेलं खोटं वय तिनं आयुष्यात दुसऱ्यांदा मुकाट्यानं मान्य केलं, कडेवरचं मूल सावरलं, आणि माझ्या पाया पडून गेली.